मडगार्डवरील झरोके व चाकाभोवतीची हवा

मराठीत रूढ झालेला ‘मडगार्ड’ हा शब्द चाकावरील पत्र्याचे एकच कार्य सांगतो : चिखल अडविणे. तो पत्रा हवाही कोंडतो, ही गोष्ट शब्दात आलेली नाही. गाडी वेगात असता फिरते चाक आपल्याबरोबर हवा ओढून घेते. तळाखालील हवाही त्याच पोकळीत शिरते. बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसल्याने तेथील दाब वाढतो. याउलट मडगार्डाच्या फुगीर माथ्यावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. आतील अधिक व बाहेरील उणा अशा या दाबांमुळे गाडीचे पुढील अंग वर उचलले जाऊ लागते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटर वेगाला असलेले बल २०० ला चौपट होते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड सैल पडते.

माथ्यावरील झरोके कोंडलेली हवा कमी दाबाच्या भागात सोडतात. २०१५ च्या पोर्शे ९११ जीटी३ आरएस या गाडीत ते पुढच्या चाकांवर आहेत. फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीच्या प्रोटोटाइप गाड्यांना तर २०१२ पासून चाकांवर मोठी भोके सक्तीची झाली. गिरकी घेऊन आडवी झालेली गाडी हवेत उडू नये, हा त्यामागील हेतू. झरोक्यांनी हवेचा विरोध घटतोच, हा समज मात्र बरोबर नव्हे. बाहेर पडणारी हवा वरच्या प्रवाहात खळबळ माजविते, व कधी विरोध वाढतोही. शोभेसाठी बसविलेल्या, मागून बंद असलेल्या जाळ्यांचा या विवेचनाशी अर्थातच संबंध नाही.