वळवाच्या दिवसांत उडायचं की नाही

मे महिन्यात दुपारी आभाळ काळवंडलं की वैरागच्या बाजारात ज्वारीच्या पोत्यांवर ताडपत्र्या पडतात. ही नजर बारामतीला विमान शिकताना कामाला येईल, असं मला वाटायचं. फारशी आली नाही. खालून ढगाचं फक्त बूड दिसतं. वळवाचा ढग चाळीस हजार फुटांवर गेलेला असू शकतो, आणि त्याच्यातून उतरणारा वारा पाऊस पोचायच्या आधीच धावपट्टीवर पोचतो.

खाजगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षानंतर, किमान 40 तास उडून मिळतो. डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला कायदा सांगतो : पाच किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर हवं. पण ही हद्द कालच परवाना मिळालेल्याला आणि दहा हजार तास उडालेल्याला एकच. म्हणून ज्यानं त्यानं आपली वेगळी, अधिक कडक हद्द आखायची. सेसना 172 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा 15 नॉट आहे. तो कंपनीच्या कसलेल्या वैमानिकानं करून दाखवलेला. माझा आकडा आठ.

ढगात शिरलं तर काय होतं? इलिनॉय विद्यापीठाच्या 1954 च्या प्रयोगात, उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सरासरी 178 सेकंदांत सुटला. तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

आपल्याकडं ढगाइतकंच ऊन नडतं. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,580 फुटांवर. पारा 42 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला तो पाच हजार फुटांवरचा वाटतो. इंजिन दमतं, पंखांना उचल कमी मिळते, धाव लांबते. म्हणून मे महिन्यात अकराच्या आत मी जमिनीवर असते.

हे सगळं मी आदल्या रात्री घरी वहीत लिहून ठेवते. सकाळी विमानापाशी माणूस स्वतःशीच घासाघीस करतो, त्यातून सोबत पाहुणा असला तर विचारूच नका. मागं पुतण्याला न्यायचं ठरलं होतं. पुण्याच्या मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान-नोंदीत, 'सीबी' दिसलं : गडगडाटी ढग.

"काकू, ऊन तर पडलंय की!"

"पडू दे. आज नाही."

पोरगं दुपारपर्यंत फुगून बसलं.

जेआरडी टाटांनी 1932 मध्ये कराची-मुंबई टपाल सुरू केलं, तेव्हा पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा. मग विमानं सरळ पुण्याला हलवायचे. रोज आभाळाकडं बघून ठरवत बसले नाहीत.

वहीतली शेवटची ओळ इंधनाची. दिवसा अर्ध्या तासाची शिल्लक नियमाला पुरते. पण परतताना बारामतीवर वळीव कोसळत असला तर सोलापूर हवाई मार्गानं दीडशे किलोमीटर, म्हणजे पाऊण तास. मी दीड तासाचं धरते, आणि उन्हाळ्यात त्या वजनापायी पुतण्याची बॅग खाली ठेवायला लावते.