कलाबतूचा वळसा

फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए सतराव्या शतकात बुऱ्हाणपुरात आला, तेव्हा तापीकाठच्या या शहराचे कापड इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जात होते. काही पांढऱ्या ठाणांत सोन्याचांदीचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत असे. शहराच्या तारकशीचे, म्हणजे सोन्याचांदीची तार ओढण्याच्या कामाचे, कौतुक बहुतेक त्या झळाळीवरच थांबते. मला त्याहून मोठी वाटते ती धातूची वागणूक.

चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून, तापवून ती जंतराच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढायची. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट. सोन्याचा थर पातळ होत जातो, पण साथ सोडत नाही. दोन्ही धातूंच्या स्फटिकांची घडण एकच, त्या घडणीच्या एकेका घराचे माप सोन्यात ०.४०८ नॅनोमीटर, चांदीत ०.४०९.

ओढता ओढता तार ताठरते. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांत डिसलोकेशन नावाचे दोष असतात. ते सरकतात म्हणून धातू वाकतो, त्यांची गर्दी झाली की अडतो. हा उलगडा १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे केला. तारकश मात्र तार पुन्हा तापवून ती गर्दी कधीपासूनच मोडत आला होता.

मग तार चपटी करून बादला होतो आणि रेशमावर गुंडाळला की कलाबतू. खरी गंमत या वळशात आहे. वाकताना पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. हा फरक सामावायला जादा डिसलोकेशन लागतातच, आणि त्यांची दाटी ठरते वळणाच्या त्रिज्येवरून. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या धाग्याभोवती चांदी वळवली, तर हिशेबाने चौरस मिलिमीटरला सुमारे साडेतीन कोटी!

या जादा दाटीने धातू किती ताठरतो? फ्लेक, मुलर, ॲशबी आणि हचिन्सन या संशोधकांनी १९९४ मध्ये तांब्याच्या तारा पिळून पाहिल्या; पिळातही ताण आतबाहेर सारखा नसतो. १७० मायक्रॉन जाडीच्या तारेपेक्षा १२ मायक्रॉनची तार, आकाराचा हिशेब वजा करूनही, पिळाला सुमारे तिप्पट विरोध करत होती. सरळ ताणल्यावर मात्र दोघींत फारसा फरक नव्हता. १९९८ मध्ये स्टोल्केन आणि इव्हान्स यांना निकेलचे पातळ पत्रे वाकवतानाही हेच दिसले.

पातळ तितका ताठर, हाच नियम बादल्याला लावून पाहू. त्याच धाग्यावर २० मायक्रॉनची पट्टी पृष्ठभागी जवळपास १० टक्के ताणली जाते, १० मायक्रॉनची त्याच्या निम्मी; म्हणून ताणाने साठणारी दोषांची गर्दी तिच्यात कमी. वळणाने लादलेली दाटी मात्र दोघींत सारखीच. त्यामुळे पट्टी जितकी पातळ, तितका तिच्या ताठरपणात वळणाचा वाटा मोठा.