मुंगूस इंग्रजीत कसे गेले?

खेडला आमच्या घरामागच्या गडग्यावरून मुंगूस पळाले, की पोरे अजूनही त्याला तोंड दाखवायला सांगतात. मुंगसाचे तोंड दिसणे शुभ, ही जुनी समजूत. गेल्या मे महिन्यात असेच एक दिसले आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पुतणीने विचारले, “काका, ‘गूज’चे अनेकवचन ‘गीज’, मग ‘मंगूज’चे ‘मंगीज’ का?”

उत्तर आहे ‘मंगूजेस’. या शब्दातल्या ‘गूज’चा त्या नावाच्या पक्ष्याशी काही संबंध नाही. हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला आहे.

या प्राण्याला संस्कृतात नकुल, हिंदीत नेवला आणि गुजरातीत नोळियो म्हणतात. इंग्रजांची वखार मुंबईच्या आधी सुरतेला होती, तरी त्यांच्या भाषेत रुजला तो ‘मुंगूस’च. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याच्या १६९८ च्या प्रवासवर्णनात हा शब्द आढळतो.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाने त्याचे मूळ तेलुगूत दाखवले. मात्र जर्डन हा प्राणिशास्त्रज्ञ तो दख्खनी व मराठी मानतो, अशी नोंदही केली. पुढे ऑक्सफर्डच्या कोशांनी मराठीकडेच बोट दाखवले.

यात अभिमान वाटण्यासारखे आहेच. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. कन्नडमध्ये ‘मुंगुसि’ आहे, तेलुगूत ‘मुंगिस’ आहे. ‘नकुल’पासून ‘मुंगूस’ होणे शक्य नाही. म्हणून मराठीने हा शब्द द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतला, असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे इंग्रजीला आपण जे दिले, ते आपणही कोणाकडून तरी घेतलेले होते.

इंग्रजांनी त्याचे ‘गूज’ केले, कारण अनोळखी आवाज कानाला ओळखीच्या आवाजात बसवायची सवय सर्वांनाच असते. आपणही ‘लॉर्ड’चे ‘लाटसाहेब’ केलेच की! फ्रेंचांनी याच शब्दाचे ‘मांगूस्त’ केले. प्राणिशास्त्रात तर ‘मुंगोस’ हे एका प्रजातीचे नाव झाले आणि गंमत अशी, की त्या प्रजातीतले प्राणी फक्त आफ्रिकेत राहतात.

शब्दामागोमाग प्राणीही परदेशी गेला. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतले उंदीर मारण्यासाठी हिंदुस्थानातून नऊ मुंगसे जमैकाला नेण्यात आली. तिथून त्यांची पिल्लावळ १८८३ मध्ये हवाईला पोचली. उंदीर संपले नाहीत, पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे प्राणी मात्र या मुंगसांच्या तोंडी पडले. आपल्या गडग्यावरचा शुभशकुनी प्राणी तिथे संकट ठरला.

हे सारे ऐकून पुतणी म्हणाली, “म्हणजे मंगूज हा मराठी शब्द आहे?” तिच्या वर्गातली मुले मराठीत बोलतानाही ‘मंगूज’च म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी दिलेला शब्द परक्याच्या वेशात घरी आला आणि इथे राहिलेल्या शब्दाची जागा घेऊ लागला. मी तिला म्हटले, “शाळेच्या वहीत मंगूजेस लिही. पण गडग्यावर दिसली, की ती मुंगसे.”