शिक्षकाच्या तयारीचा तास

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असे म्हटले आहे, आणि त्या ४५ तासांत पाठाच्या तयारीचा वेळही धरलेला आहे. मुलांपुढे उभे राहण्याआधी करावी लागणारी तयारी हेही काम आहे, असे कायद्याने मान्य केल्यामुळे शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या आणि त्यांच्या स्वास्थ्याच्या चर्चेची सुरुवात याच तरतुदीपासून व्हायला हवी होती. पण प्रशिक्षण हा एका विभागाचा उपक्रम आणि स्वास्थ्य ही दुसऱ्या कोणाची तरी योजना, अशी वाटणी होऊन बसली आणि दोन्हींना लागणारा वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

अध्यापन ही शिकून घेण्याची विद्या आहे, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या संस्थेत अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. नोकरीपूर्वीच्या अशा शिक्षणाला, म्हणजे आजच्या डी.एल.एड. आणि बी.एड.सारख्या अभ्यासक्रमांना, सेवापूर्व प्रशिक्षण म्हणतात आणि नोकरीत असताना जे मिळते त्याला सेवांतर्गत प्रशिक्षण. कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर त्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातले ‘डाएट’, उभ्या राहिल्या. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी असावी असे सांगितले. सिंगापूरमध्ये हाच आकडा वर्षाला १०० तासांचा आहे. मात्र तासांची संख्या हा या प्रश्नातला सोपा भाग आहे.

राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ जिल्ह्यातील सुलभकांना शिकवतात, ते तालुक्याच्या सुलभकांना आणि तालुक्याचे सुलभक शिक्षकांना, अशा धबधबा पद्धतीने आपल्याकडे बहुतेक प्रशिक्षणे पार पडतात. थोड्या दिवसांत लाखोंपर्यंत पोहोचण्याची सोय या पद्धतीत आहे. पण प्रत्येक पायरीवर आशय थोडा थोडा झिरपून जातो आणि शेवटच्या पायरीवरच्या शिक्षकाच्या हाती पुष्कळदा स्लाइड्स आणि प्रमाणपत्रच उरते. ‘ट्रेनिंग लागले’ हा शिक्षकांमध्ये रूढ असलेला शब्दप्रयोग या दृष्टीने बोलका आहे, कारण निवडणुकीची ड्युटीही अशीच ‘लागते’. आपल्या वर्गात नेमके काय अडते आहे, हे सांगण्याची संधी मिळण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले असेल, तर शिकणाऱ्याला त्यात आपलेपणा वाटणे कठीण असते.

याच्या उलट अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतील शाळांचा समूह) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालवायला सुरुवात केली. मूल ऐकून नव्हे तर स्वतः हाताळून, जुळवून आणि चुका करून ज्ञान रचत जाते, असे मानणारा हा विचार आहे. फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून शिकणारी मुले पाहण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तेथे जाऊ लागले आणि त्यांतल्या अनेकांनी त्यासाठी पदरमोड केली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर प्रशिक्षण वरून न लादता शिक्षकांच्या मागणीनुसार द्यावे, हा विचारही पुढे आला. शिक्षकांना शिकायचे नसते, हा आरोप किती उथळ आहे ते कुमठ्याच्या या भेटींनी दाखवून दिले.

जपानमधील ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत याच जातीची आहे. काही शिक्षक एकत्र बसून एकाच पाठाची आखणी करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुले कोठे अडखळतात ते टिपून ठेवतात आणि नंतरच्या चर्चेत शिक्षकाऐवजी पाठाची चिकित्सा होते. आपल्याकडे एका केंद्रातील (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) शाळांचे शिक्षक ज्या शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात, ती या कामासाठी आयती जागा आहे. तेथे सूचना वाचून दाखवण्यात दिवस गेला तर ती सभा होते, आणि वजाबाकीत हातचा का चुकतो यावर तासभर बोलणे झाले तर तेच खरे प्रशिक्षण असते.

आता प्रश्न वेळेचा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे लहान गावातल्या शाळेत एक शिक्षक दोन किंवा अधिक इयत्तांचा जोडवर्ग सांभाळतो आणि दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा पदभारही असतो. परिपाठ संपतो न संपतो तोच पोषण आहाराच्या तांदळाचा साठा पाहायचा, मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून चवीच्या नोंदवहीत नोंद करायची, किती मुले जेवली ते मोबाइलवरच्या ॲपवर भरायचे आणि मधूनच केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती आजच द्यावी’ असे टपाल आले की ती माहिती तयार करायची, असा त्याचा दिवस जातो. २००९ च्या कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे; राज्य शासनानेही २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी केली. तरीही कोणतेही काम ‘शाळेशी संबंधित’ ठरवणे सोपे असते आणि त्याची किंमत तयारीच्या वेळेतून वसूल होते.

या ताणाचे शास्त्रीय नाव बर्नआउट. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द रूढ केला आणि पुढे क्रिस्टिना मासलाक यांनी त्याची तीन लक्षणे मांडली: मन आटून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेताना त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटले. त्याचे मूळ जर कामाच्या ठिकाणी असेल, तर एका शनिवारी घेतलेले योगवर्ग किंवा तणावमुक्तीचे व्याख्यान पुरेसे पडणार नाही, हे उघड आहे. योग चांगलाच, पण सोमवारी कामाचा तोच ढीग समोर असेल, तर त्याचा गुण किती टिकणार?

स्वास्थ्याचा विचार मनापुरता ठेवूनही चालत नाही. शिक्षकाचे मुख्य साधन त्याचा आवाज आहे, आणि पत्र्याच्या छताखाली पावसाच्या आवाजावर मात करत दोन इयत्तांना शिकवणाऱ्याचा घसा किती ताणला जातो, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. घशाला विश्रांती आणि भरपूर पाणी लागते. पण जेथे स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह नाही तेथे शिक्षिका दिवसभर पाणीच कमी पितात. ही बाब कोणत्याही प्रशिक्षणाच्या विषयपत्रिकेवर नसते, आणि ती असायला हवी.

यात नोकरीच्या अस्थिरतेची भर पडते. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले, ही स्वागतार्ह गोष्ट; पण नेमणुकीनंतरची तीन वर्षे त्यावर संसार चालवायचा असतो. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. गुणवत्तेचा आग्रह योग्यच आहे, मात्र वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेची तारीख देताना अभ्यासाचा वेळ आणि मार्गदर्शन देणे ही व्यवस्थेची जबाबदारी ठरते.

मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची शासकीय दूरध्वनी सेवा सर्वांसाठी खुली आहे आणि शिक्षकांनी संकोच न बाळगता तिचा उपयोग करावा. पालकांच्या हातीही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत आपल्या शाळेतल्या शिक्षकांना आठवड्यातून पाठाच्या तयारीसाठी नेमका किती वेळ मिळतो, हे एकदा विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.