पिसदुऱ्याचं शेण, गोंदियाचा धान

सकाळी ६
पत्र्याची पेटी रात्रीच भरून ठेवतो, तरी निघण्याआधी प्रत्येक पुडी सोडून बघतो. कॉलेजच्या जुन्या संग्रहातले, पिसदुऱ्याचे शेणाचे जीवाश्म. गारेच्या दगडात बसलेल्या फायसा गोगलगायी. दगड झालेल्या लाकडाचा तुकडा. हाडाचा प्लास्टरचा साचा. खरं हाड मी फिरवत नाही. ते नोंद असलेल्या संग्रहातच राहावं, उद्याच्या अभ्यासकाला तिथंच सापडावं. शेणाचे तुकडे मात्र मुलांच्या हातात द्यायचेच, असं मी ठरवून टाकलं आहे. काचेआडचा जीवाश्म बघून मुलं ‘छान’ म्हणतात, हातात आला की प्रश्न विचारतात.

सकाळी ७
रोवणी नुकतीच आटोपली आहे. बांध्यांमध्ये पाणी तुंबलंय आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला सारसाची जोडी चरते आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या याच गोंदियाच्या पट्ट्यात. गाडी लावून बांधावर उतरलो. चिखलात पाऊल स्पष्ट उमटलं होतं: पुढं तीन लांब बोटं. मोबाइलवर फोटो घेतला, बाजूला पट्टी ठेवून. दोन पायांवर चालणारे मांसाहारी डायनासोर अशाच तीन बोटांवर चालत. सगळे पक्षी त्यांच्याच वंशातले, त्यामुळे सारसाला डायनासोर म्हणणं ही अतिशयोक्ती नाही, सरळ शास्त्र आहे.

सकाळी ८
जिल्हा परिषदेची शाळा. पेटी उघडायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, आणि तो प्रत्येक गावात तोच असतो: “सर, आपल्या गावात होते का डायनासोर?”

इथं खोटं बोलणं फार सोपं आहे. मी फळ्यावर नकाशा काढतो. उत्तरेला जबलपूर. तिथं 1828 मध्ये स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हाडं सापडली, भारतातल्या डायनासोरचा शोध तिथून सुरू झाला. दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव. आणखी खाली सिरोंचा, तिथं वडधमला अख्खे वृक्ष दगड होऊन पडलेत, वनविभागानं उद्यान केलंय. मधोमध गोंदिया, आणि गोंदियाच्या खडकात हाडं नाहीत.

का नाहीत, हे सांगताना मला सगळ्यात जास्त आनंद होतो. आमगावकडचा पट्टेदार खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. तो तयार झाला तेव्हा हाड असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. पिसदुऱ्याची लाल माती जेमतेम सहा-सात कोटी वर्षांची. डायनासोर गोंदियातून चालत गेलेही असतील, पण त्या काळचा गाळ इथं टिकला नाही, म्हणून पुरावा नाही. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “म्हणजे आपला दगड त्यांच्याहून मोठा.” वयानं कितीतरी मोठा, बाळा.

सकाळी ९:३०
गोगलगायींचा खेळ. बांधीतली मोठी गोगलगाय मुलं पाच मिनिटांत घेऊन येतात. तिचं टोक वर धरून तोंड आपल्याकडं करायचं: उघडी बाजू उजवीकडं येते. आता दगडातली फायसा तशीच धरायची: उघडी बाजू डावीकडं! ती उलटी वळलेली. नागपूरच्या टाकळीसारख्या ठिकाणी, लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात अशा गोगलगायी सापडतात. ज्वालामुखी काही काळ थांबले की तिथं तळी साचायची, जीव वाढायचे, मग पुन्हा लाव्हा. हे मी सांगत होतो तेव्हा वर्ग दोन्ही शंख डोळ्यांजवळ नेऊन आलटून पालटून फिरवत होता. माझं बोलणं कोणी ऐकलं नसेल तरी चालेल.

सकाळी ११
शेण. हशा पिकतो, पिकू दे. तपकिरी, जड, एका टोकाला निमुळता, अंगावर वळ्या पडलेला दगड. सहावीतल्या मुलीनं विचारलं, “शेन तर सडते ना सर, मग दगड कसा झाला?” नेमका प्रश्न. पुराच्या चिखलाखाली ते लवकर गाडलं गेलं, खनिजं असलेलं पाणी त्यात मुरत राहिलं, आणि सडण्याआधी आकार पक्का झाला. यातलं बरंचसं टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरांचं मानतात.

मग सूक्ष्मदर्शक. धानाची पाती जाळून तिची राख काचेवर घेतलेली असते. पात हात कापते ती तिच्यातल्या सिलिकामुळं. राइस मिलच्या तुसाची राख पांढरी पडते तीही त्याचमुळं. पान जळतं, सिलिकाचे कण उरतात. काचेवर ते दिसतात, डमरूच्या आकाराचे, ओळीनं लागलेले.

असेच गवताचे कण पिसदुऱ्याच्या शेणात सापडले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, असंच मानलं जायचं. 2011 मध्ये त्यांनी त्यातले काही कण भाताच्या कुळातले असल्याचं दाखवलं. धानावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना हे त्यांच्या शाळेत कळलं पाहिजे. पेटी घेऊन फिरतो ते यासाठीच.

दुपारी १
शाळेची खिचडी. हात धुतल्याशिवाय कोणी बसायचं नाही, असं मॅडमनी बजावलं.

दुपारी ४
आठवडी बाजार. भाजीच्या ओळीच्या टोकाला ताडपत्री टाकून पेटी मांडली. इथं माणसं उभ्या उभ्या बघतात, म्हणून थोडक्यात बोलावं लागतं. डोंगरगावची हाडं कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत, त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्या डायनासोरचं नाव आयसिसॉरस, असं सांगितलं तर एक गृहस्थ चिडले: “आपले हाडं तिकडे काऊन?” मी संस्थेची बाजू घेतली, कारण तिथल्या माणसांनी ती खोदली, जोडली, 1997 मध्ये जगापुढं मांडली. पण निदान साचे तरी विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात असावेत, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

दुसऱ्या शेतकऱ्यानं दगड उलटासुलटा केला. “म्हणजे त्याच्या शेनात धान होता काजी?”

आपण खातो तो धान नव्हे, दादा. त्याच्या कुळातलं गवत. आणि तेही थोडंच, बाकी भर झाडांच्या पाल्याचा.

सायंकाळी ५:३०
टोपली आवरून एक आजी आल्या. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “मग देवधान दाखवत नाही का पोट्ट्यांना?”

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी आपोआप उगवणारा, कोणी न पेरलेला, ऋषिपंचमीच्या उपासाला चालणारा देवधान म्हणजे भाताच्याच वंशातला रानटी धान. पिकलेला दाणा आपोआप गळतो, म्हणून वेळेआधी झोडून घ्यावा लागतो, हेही आजींनीच सांगितलं. पेरता धान आणि रानातला धान यांतला मोठा फरक तोच: माणसानं न गळणारी लोंबी निवडत नेली. जीवाश्म, रानधान, शेतातला धान असा ओळीनं मांडला तर पोरांना ती वाट बोटानं दाखवता येईल. पोळा झाला की लोंब्या आणून देईन, म्हणाल्या.

रात्री ८:३०
नोंदवहीत दिवसाचे प्रश्न उतरवले. सारसाच्या पावलाचा फोटो मोठा करून घ्यायला टाकायचा. पेटीतला वरचा कप्पा मोकळा केला, साचा खाली सरकवला. चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवली: देवधान, बोडीकाठचा, गावाचं नाव, देणाऱ्या बाईंचं नाव, तारखेची जागा कोरी.