भिंतीवरची चालती बी

परवा दुपारी नात ओरडली, "आजोबा, भोपळ्याची बी चालतेय!"

चष्मा लावून पाहिलं. भिंतीवर राखाडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती अशी वस्तू सरकत होती. जेमतेम सेंटिमीटरभर. बँकेत असताना रेकॉर्ड रूममधल्या लेजरांमागून असल्या कितीतरी 'बिया' मी धूळ म्हणून झाडायला लावल्या होत्या.

ती धूळ नव्हे, घर. फेरिओइका नावाच्या इवल्याशा पतंगाची अळी त्यात राहते. स्वतःच्या रेशमानं वाळूचे कण, माती, तंतू सांधून ती ही पिशवी करते. डोकं आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर काढायच्या नि घर ओढत निघायचं. पिशवी दोन्हीकडून उघडी, मध्ये फुगीर. त्यामुळे अळी आतल्या आत वळते आणि मागचं दार पुढचं होतं! अंग वाढेल तसं घरही वाढवते, तेही बिनकर्जाचं. (गृहकर्जाच्या फायली तपासण्यात माझी उमेद गेली, म्हणून हे कौतुक.)

तिला दमट हवा मानवते. कोळ्यांची जुनी जाळी हे आवडतं अन्न. शिवाय मेलेले किडे, गळलेले केस, लोकर. अंडं सुमारे १० दिवसांत फुटतं. अळीपण ५० दिवसांच्या आसपास, मग त्याच पिशवीत कोष, आणि पंधरवड्यानं ठिपकेदार राखाडी पतंग. मादी नराहून मोठी, तरी पंख पसरून सव्वा सेंटिमीटरच. पतंग काही खात नाही. मादी फटींतून २०० पर्यंत अंडी घालते, की संपलं आयुष्य.

नातीनं भिंग आणलं. "आजोबा, हिला निळा धागा आहे."

निळी लोकर आमच्या घरात एकाच ठिकाणी. शेवटच्या आजारपणात हिनं माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर. एक बाही राहिली. सात वर्षं ती ट्रंक मी उघडली नव्हती.

उघडली. खांद्यापाशी दोन भोकं. ट्रंकेमागे जाळ्यांचा हा पसारा! सुनेनं ती काढली, स्वेटर झटकून, ब्रश मारून उन्हात घातला. मी चप्पल उचलली, तर नात आडवी आली. शेवटी 'बी' कागदावर घेऊन गॅलरीतल्या कुंडीमागे सोडली, धाग्यासकट.

सून म्हणाली, "बाबा, बाही मी विणते." त्या निळ्याला जुळणारी लोकर पाहायला उद्या दादरला जायचंय. नमुन्याला काय न्यावं, एवढंच ठरत नाही. स्वेटर घराबाहेर न्यायला मन होत नाही.