यंत्र नामानिराळं, बिल कोणाच्या नावावर?

सप्टेंबर २०२५. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत तळीराम चालकांना पकडायला पोलिसांची नाकाबंदी लागलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत एका गाडीने मनाई असलेल्या जागी यू-टर्न मारला. अडवली, आत डोकावले, तर चालकाच्या सीटवर कोणीच नाही! वेमोची विनाचालक टॅक्सी. पावती फाडायची कोणाच्या नावाने? आमच्या पावतीपुस्तकात ‘रोबो’साठी रकानाच नाही, असं पोलिसांनीच नंतर सांगून टाकलं. शेवटी कंपनीला कळवलं आणि टॅक्सी चालती झाली. ‘साहेब, जरा समजून घ्या ना’ म्हणायलाही गाडीत कोणी नव्हतं.

याहून भारी युक्तिवाद एअर कॅनडाचा. आजी वारली म्हणून तातडीने निघालेल्या प्रवाशाने कंपनीच्या चॅटबॉटला शोकप्रवासाच्या सवलतीबद्दल विचारलं. बॉट म्हणाला, आत्ता तिकीट काढा, ९० दिवसांत अर्ज करा, फरक परत मिळेल. नियम नेमका उलटा होता: प्रवास झाल्यावर सवलत नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणात गेलं. तिथे कंपनीने मांडलेली भूमिका अशी, की चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर हस्ती आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! गल्ल्यावरच्या पोऱ्याने चुकीचा भाव सांगितला तर आपला वाणीसुद्धा असं म्हणायला धजत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला: वेबसाइट तुमची, बॉट तुमचा, भरा पैसे. खर्च-व्याज धरून ८१२ कॅनेडियन डॉलर.

न्यूयॉर्कच्या एका वकिलाची तऱ्हा निराळी. विमानात खाण्याची गाडी गुडघ्यावर आदळल्याचा त्याच्या अशिलाचा दावा होता. चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे त्याने कोर्टात जोडले. त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. हे खरे आहेत ना, असं त्याने विचारलंही होतं. कोणाला? चॅटजीपीटीलाच! जून २०२३ मध्ये वकील मंडळींना ५,००० डॉलरचा दंड झाला.

यंत्रालाच ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानता येईल का, हा विचार युरोपियन संसदेने २०१७ मध्ये सुचवून पाहिला. आपल्याला यात नवल नको. आपल्या कायद्यात देवाची मूर्ती केव्हापासूनच व्यक्ती आहे, तिच्या वतीने कोर्टात उभं राहायला माणसंही असतात. पण देवाच्या नावावर जमीनजुमला असतो. चॅटबॉटच्या सातबाऱ्यावर गुंठाभरही नाही, जप्ती आणणार कशावर?

आणि ही स्वित्झर्लंडची गंमत. २०१४ मध्ये तिथल्या एका कलाकार जोडीने एका बॉटला दर आठवड्याला १०० डॉलरचे बिटकॉइन देऊन डार्कनेटच्या, म्हणजे छुप्या इंटरनेटच्या, बाजारात सोडलं: मनाला येईल ते घे. त्याने सिगारेटी घेतल्या, छुप्या कॅमेऱ्याची टोपी घेतली, हंगेरीच्या पासपोर्टची प्रत घेतली आणि एक्स्टसी या अमली पदार्थाच्या दहा गोळ्याही. सगळा माल सेंट गॅलनच्या कलादालनात मांडला. प्रदर्शन संपताच जानेवारी २०१५ मध्ये पोलिसांनी तो उचलला. खटला कोणावरच झाला नाही. काही महिन्यांनी सगळं परतही मिळालं. गोळ्या सोडून.